चालत्या गिरणीत बदल घडवणारे जमशेदजी

लासलगाव : आशियातील सर्वात मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या परिसरात कांदा चाळ कशी बांधतात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ कांदा साठवणीत गेला तरी जिवंत असतो. तो श्वास घेतो, उष्णता आणि ओल बाहेर टाकतो. ही उष्णता आत कोंडली तर कांदा उबतो आणि सडतो. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवतात, पट्ट्यांमध्ये फटी सोडतात आणि खालून आलेला वारा कांद्यातून वर निघून जाईल अशी वाट करून देतात.

नवी मुंबईतील ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात उभ्या असलेल्या डेटा सेंटरमध्ये कांद्याच्या जागी सर्व्हर असतात. तेही अखंड उष्णता बाहेर टाकतात. अनेक केंद्रांत जमीन उचललेली असते आणि तिच्या पोटातून थंड हवा वर सोडली जाते. फरक एवढाच, की येथे वारा विकत घ्यावा लागतो. यंत्रांना लागणाऱ्या विजेखेरीज त्यांना थंड ठेवण्यासाठीही मोठी वीज जाते. ती वाचवायची तर जुनी शीतयंत्रे, पंखे, वीजपुरवठ्याची साधने बदलावी लागतात. बँकांचे व्यवहार, रेल्वेची आरक्षणे, रुग्णालयांच्या नोंदी ज्यावर चालतात ते केंद्र मात्र या कामासाठी एक तासही बंद ठेवता येत नाही. भरलेल्या चाळीचा तळ कांदा न हलवता बदलण्यासारखेच हे काम.

चालू कारखान्यात, उत्पादन न थांबवता, शक्तीचा अपव्यय कमी करण्याचा हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. संगणक जन्मालाही आला नव्हता त्या काळात नागपूरच्या एका कापड गिरणीत तो एका उद्योजकाने हाती घेतला, कुर्ल्याच्या एका मोडक्या गिरणीत पुन्हा सोडवला आणि अखेर सह्याद्रीच्या पाण्यापर्यंत नेला. जमशेदजी नसरवानजी टाटा यांचे नाव पोलाद, विज्ञान संस्था आणि ताजमहाल हॉटेल यांच्याशी जोडले जाते. त्यांच्या आयुष्याचा हा धागा त्या मानाने दुर्लक्षित राहिला.

दिवाळखोरीतून धडा

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. वडील नसरवानजी परंपरागत पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापारात उतरले होते. मुलाला त्यांनी मुंबईला आणले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. १८५८ मध्ये शिक्षण पूर्ण करून जमशेदजी वडिलांच्या पेढीत दाखल झाले. पुढच्याच वर्षी ते हाँगकाँगला गेले.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच हा फुगा फुटला. शेकडो पेढ्या बुडाल्या, त्यात टाटांचीही होती. जमशेदजी त्या वेळी लंडनमध्ये होते. धनको दाराशी आले असता त्यांनी पळवाट शोधली नाही. सर्व हिशेब पुढे ठेवून त्यांनी देणी फेडण्याची व्यवस्था केली. इंग्लंडमधील या वास्तव्यात त्यांनी लँकेशायरच्या गिरण्या जवळून पाहिल्या. कच्चा माल हजारो मैलांवरून आणून तयार कापड पुन्हा त्याच देशाला विकणारा हा धंदा भारतातच का करू नये, हा विचार तेथे पक्का झाला.

१८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. १८६९ मध्ये चिंचपोकळीची एक बुडालेली तेलगिरणी घेऊन तिचे कापड गिरणीत रूपांतर केले, तिला अलेक्झांड्रा मिल असे नाव दिले आणि दोन वर्षांत ती नफ्याने विकली. बंद पडलेल्या किंवा जुन्या यंत्रसामग्रीतून काय उभे करता येते याचा त्यांना आलेला हा पहिला अनुभव होता.

मुंबई सोडून नागपूर

त्यानंतरच्या निर्णयाने मुंबईचे व्यापारी चकित झाले. सारे गिरणीमालक मुंबईत गर्दी करत असताना जमशेदजींनी नागपूर निवडले. जी. आय. पी. रेल्वेचा जो मार्ग मुंबईहून कसारा घाट चढून नाशिक, लासलगाव, मनमाड असा पूर्वेकडे जातो, तो १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला होता. वऱ्हाडचा कापूस याच मार्गाने मुंबईला येई आणि तयार माल याच मार्गाने परत जाई. कापूस जेथे पिकतो आणि कापड जेथे खपते तेथेच गिरणी काढली तर ही दुहेरी वाहतूक वाचते, असा त्यांचा हिशेब होता. वरोऱ्याचा कोळसाही नागपूरला जवळ होता.

१८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भराव घालून बांधकामायोग्य करावी लागली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशी गिरणी सुरू झाली. तिला एम्प्रेस मिल हे नाव त्यावरूनच मिळाले. व्यवस्थापनासाठी त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणले. मेहता रेल्वेच्या मालवाहतूक विभागातील अधिकारी होते, कापड धंद्यातले नव्हते. तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज तंत्रज्ञाकडे होती.

सुरुवात मात्र अडखळत झाली. काटकसर म्हणून घेतलेली यंत्रे हलक्या प्रतीची निघाली. सूत खराब येई, यंत्रे बिघडत आणि समभागांचा भाव उतरला. स्वस्तात घेतलेले यंत्र रोजच्या खर्चात महाग पडते, हा धडा जमशेदजींनी येथे घेतला आणि आयुष्यभर पाळला. डेटा सेंटरच्या अभियंत्यालाही तो तेवढाच लागू पडतो. शीतयंत्राच्या खरेदीची रक्कम एकदाच द्यायची असते, तर त्याचे वीजबिल पुढची दहा-पंधरा वर्षे येत राहते.

आधी हवा, मग यंत्र

विदर्भाचा उन्हाळा कोरडा आणि भाजून काढणारा. कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होतो, सारखा तुटतो. धागा तुटला की यंत्र फिरत राहते, कोळसा जळत राहतो, पण सूत निघत नाही. एम्प्रेस मिलमध्ये हवा दमट ठेवणारी आर्द्रतायंत्रे बसवण्यात आली. त्यामुळे धागा टिकू लागला आणि पाण्याच्या बाष्पीभवनाने कामगारांच्या अंगाची तलखीही काहीशी कमी झाली. आग लागल्यास छतातून पाण्याचे फवारे सोडणारी यंत्रणाही गिरणीत आली. भारतीय कारखानदारीत या दोन्ही गोष्टी त्या वेळी नवलाच्या होत्या.

आर्द्रतायंत्राने एकही चाती वेगाने फिरत नव्हती. पण त्याच यंत्रांतून, त्याच शक्तीत अधिक सूत मिळू लागले. आजचे ऊर्जा लेखापरीक्षकही डेटा सेंटरमध्ये प्रथम सर्व्हरकडे नव्हे, तर हवेकडे पाहतात. थंड हवा नेमकी कोठे जाते, गरम हवा तिच्यात कोठे मिसळते, मांडणीतील रिकाम्या फटींतून किती थंडावा वाया जातो, याचा तपास आधी होतो. फटी बंद करणे आणि थंड व गरम हवेच्या वाटा वेगळ्या करणे ही कामे केंद्र चालू असतानाच होतात आणि खर्चही माफक येतो.

त्यानंतर यंत्राची पाळी आली. गिरणीच्या आरंभी १५ हजार ५५२ थ्रॉसल चात्या, १४ हजार ४०० म्यूल चात्या आणि ४५० माग होते. थ्रॉसलला शक्ती फार लागे आणि वेग मर्यादित असे. रिंग चाती अमेरिकेत निघाली होती, परंतु लँकेशायरने तिच्यावर विश्वास टाकला नव्हता. ब्रुक्सबी यांनी ती इंग्लंडमध्ये पाहिली आणि प्रयोगासाठी नागपूरला मागवली. जमशेदजींनी आधी संपूर्ण गिरणी बदलली नाही. जुनी यंत्रे चालू असताना नव्या यंत्रांची चाचणी घेतली, वेग वाढवत नेला, सूत तपासले. चाती मिनिटाला ९ हजार फेऱ्यांपर्यंत फिरू लागली, तेव्हा थ्रॉसल हळूहळू हटवून रिंग चात्या बसवण्याचा निर्णय झाला. ओल्डहॅमच्या प्लॅट या प्रसिद्ध कारखान्याने ही यंत्रे बनवण्यास अनुत्सुकता दाखवली, तेव्हा त्यांनी मागणी दुसऱ्या कारखान्याकडे वळवली. लँकेशायरच्या अनेक गिरण्या पुढे कित्येक वर्षे म्यूल चात्यांवरच काम करत राहिल्या. नागपूर त्यांच्या पुढे गेले होते.

चालू कारखान्यातील सुधारणेची रीत येथे स्पष्ट दिसते. प्रथम मोजमाप, मग एका कोपऱ्यात चाचणी, नंतर टप्प्याटप्प्याने बदल आणि नवे सिद्ध होईपर्यंत जुने हाताशी. डेटा सेंटरमध्ये गरजेपेक्षा एक शीतयंत्र जास्त ठेवलेले असते. त्या जादा यंत्राच्या आधारावर एकेक जुने यंत्र बाहेर काढून नवे बसवले जाते आणि तापमान स्थिर राहिल्याची खात्री झाल्यावरच पुढच्याला हात लागतो.

माणसांचाही विचार

यंत्रे सुधारली तरी ती चालवणारे हात रोज हजर असतील याची शाश्वती नव्हती. शेतीचा हंगाम, सण, आजार यांमुळे गैरहजेरी मोठी असे. दंड आणि बडतर्फी हा सर्वसाधारण उपाय जमशेदजींनी पुरेसा मानला नाही. १८८६ मध्ये गिरणीत निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघातग्रस्तांना भरपाई देण्याची तरतूद झाली. कायद्याने असे काही बंधन नसतानाचा हा काळ होता. त्यामागे दयाबुद्धी होती तसा व्यवहारही होता. यंत्राचा आवाज ओळखणारा जुना कामगार टिकला, तरच नव्या यंत्राचा पुरता उपयोग होतो, हे त्यांनी ओळखले होते.

कुर्ल्याची कसोटी

नागपूरचे यश पदरी असताना १८८६ मध्ये जमशेदजींनी आपली सारी पत पणाला लावणारा निर्णय घेतला. कुर्ल्याची धरमसी मिल त्यांनी साडेबारा लाख रुपयांना विकत घेतली. उभारणीच्या खर्चाच्या मानाने ही किंमत फारच थोडी होती. पण गिरणीची अवस्था किमतीहून वाईट निघाली. यंत्रे झिजलेली होती, मांडणी चुकीची होती, कामगार अपुरे होते. तिचे नाव स्वदेशी मिल ठेवण्यात आले. पहिली दोन वर्षे मात्र या नावाने केवळ पैसा गिळला. समभाग कोसळले आणि बँका कर्ज देण्यास कचरू लागल्या.

जमशेदजींनी एम्प्रेस मिलमधील स्वतःचे समभाग मोकळे करून पैसा उभा केला. नागपूरची अनुभवी माणसे कुर्ल्याला आणली. निरुपयोगी यंत्रे मोडीत काढली, उरलेली दुरुस्त केली आणि कारखाना पुन्हा बसवला. हळूहळू गिरणी रुळावर आली आणि तिच्या सुताला चीनच्या बाजारातही मागणी येऊ लागली. नवी कोरी गिरणी बांधण्यापेक्षा जुनी गिरणी सुधारणे अनेकदा अवघड असते. तिचे दोष भिंतीत आणि पायात लपलेले असतात. ते शोधण्यासाठी पैशाइतकाच धीर लागतो. स्वदेशी मिलच्या त्या दोन वर्षांत जमशेदजींच्या धीराची खरी परीक्षा झाली.

धुरांड्यांची मुंबई

गिरणीच्या आत जे करता येईल ते करून झाले तरी एक अपव्यय शिल्लक होता. मुंबईच्या प्रत्येक गिरणीत स्वतंत्र बॉयलर, वाफेचे इंजिन आणि धुरांडे असे. कोळसा जहाजाने किंवा लांबच्या खाणींतून येई. त्याच्या उष्णतेचा अगदी थोडा भाग इंजिनाच्या फिरत्या चाकापर्यंत पोहोचे. तेथून जाड दोर, लांबलचक शाफ्ट आणि चामडी पट्टे यांच्यामार्फत शक्ती मजल्यामजल्यावर नेली जाई. त्यात घर्षणाने आणखी बराच भाग वाया जाई. दहा माग चालवायचे असले तरी संपूर्ण शाफ्ट फिरवावा लागे. शहराच्या वाट्याला येई तो केवळ धूर.

विजेची मोटर हा त्यावरचा उपाय होता. मोटर यंत्राजवळ बसवता येते आणि यंत्र थांबले की तीही थांबवता येते. पण वीज कोळशाऐवजी दुसऱ्या कशातून मिळाली, तरच या बदलाचा पूर्ण लाभ होणार होता. धबधब्याच्या शक्तीचा विचार जमशेदजींच्या मनात फार पूर्वीपासून होता. डेव्हिड गोस्टलिंग या मुंबईतील अभियंत्याने लोणावळा परिसराची कल्पना मांडली आणि त्या विचाराला निश्चित जागा मिळाली. घाटमाथ्यावर पावसाळ्यात प्रचंड पाऊस पडतो आणि काही तासांत पूर्वेकडे वाहून जातो. तो धरणांत अडवायचा, नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडायचा आणि त्या पडण्याच्या जोरावर वीज निर्माण करून मुंबईला न्यायची, अशी ही योजना होती.

दरम्यान विजेचा चमत्कार त्यांनी मुंबईकरांना वेगळ्या ठिकाणी दाखवला. १६ डिसेंबर १९०३ रोजी अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झाले. विजेचे दिवे, विजेचे पंखे, लिफ्ट आणि बर्फ तयार करण्याची स्वतःची व्यवस्था तेथे होती.

जलविद्युत योजना प्रत्यक्षात आलेली पाहणे जमशेदजींच्या नशिबी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाद नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले.

पाण्याची वीज आणि तिची किंमत

पुत्र दोराबजी आणि रतनजी यांनी वडिलांच्या योजना पुढे नेल्या. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. भांडवल भारतात उभे राहिले, त्यात संस्थानिकांचाही वाटा होता. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे तलाव तयार झाले. सुमारे ५०० मीटर उंचीवरून पाणी खोपोलीच्या वीजगृहात उतरू लागले. १९१५ च्या फेब्रुवारीत लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते मुंबईचा वीजपुरवठा सुरू झाला. बॉयलर विझवून मोटरवर जाण्याचे काम गिरण्यांनी नंतरच्या काळात क्रमाक्रमाने केले.

पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृहे सुरू झाली. या विस्ताराची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. मुळशीच्या धरणाखाली मावळातील शेतकऱ्यांच्या पिढीजात जमिनी जाणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. सत्याग्रहींनी तुरुंगवास भोगला, पण धरण झाले. मुंबईच्या आकाशातील धूर कमी करणाऱ्या विजेची किंमत मुळशी पेट्याने मोजली. जमशेदजींच्या पश्चात घडलेल्या या घटनेची नोंद त्यांच्या वारशाच्या हिशेबात घ्यावीच लागते.

आजच्या केंद्रांसाठी

देशातील सर्वाधिक डेटा सेंटर आज मुंबई आणि नवी मुंबईच्या परिसरात एकवटली आहेत. समुद्राखालून येणाऱ्या केबल, बँका आणि शेअर बाजार यांमुळे हे घडले. अशा केंद्राची कार्यक्षमता मोजण्याचे एक सोपे प्रमाण आहे, त्याला पीयूई म्हणतात. केंद्राने घेतलेल्या एकूण विजेला सर्व्हरसाठी लागलेल्या विजेने भागायचे. उत्तर १.८ आले तर सर्व्हरच्या १०० युनिटमागे आणखी ८० युनिट शीतकरण आणि इतर कामांत गेले, असा अर्थ. सुधारणांनी ते १.५ वर आणले तर एकूण बिलातील सहावा हिस्सा वाचतो. सर्व्हर तेवढेच राहतात आणि कामही तेवढेच होते.

ही बचत अनेक लहान कामांतून येते. पंख्याचा वेग २० टक्क्यांनी कमी केला तर त्याला लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते. म्हणून एकाच वेगाने धावणारे जुने पंखे काढून गरजेप्रमाणे वेग बदलणारे पंखे बसवले जातात. सर्व्हरना शीतगृहाइतकी थंडी लागत नाही. १८ ते २७ अंश सेल्सिअस ही हवा त्यांना मानवते, असे अभियांत्रिकी निकष सांगतात. तापमान दोन-चार अंशांनी वाढवले तरी शीतयंत्रांचा भार हलका होतो. बाष्पीभवनाने हवा थंड करण्याची नागपूरची जुनी युक्ती आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्यात वीज वाचते, पण पाणी खर्च होते. दुष्काळ पाहिलेल्या राज्यात हा हिशेबही मांडावा लागतो.

नवे केंद्र बांधताना उद्घाटनाचा समारंभ होतो, जुन्या केंद्रातील पंखे बदलल्याची बातमी होत नाही. म्हणून जुन्यावर खर्च करण्याचा निर्णय नेहमीच मागे पडतो. वाचवलेले प्रत्येक युनिट मात्र नव्या वीजगृहाची आणि नव्या धरणाची गरज तेवढ्यापुरती कमी करते. मुळशीचा इतिहास ठाऊक असलेल्या महाराष्ट्राला याचे मोल वेगळे सांगायला नको.

एम्प्रेस मिल आता बंद झाली असून तिच्या जागेवर व्यापारी संकुल उभे आहे. मुंबईच्या गिरण्यांची बहुतेक धुरांडीही गेली. खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील वीजगृहे मात्र अद्याप चालू आहेत आणि त्यांची एकत्रित क्षमता सुमारे ४४७ मेगावॅट आहे. त्यांतील यंत्रेही काळानुसार बदलली गेली आहेत, पण घाटावरून येणारे पाणी वीज देतच राहिले आहे.